बाबांचा विद्यार्थी

बाबा २०१२ साली जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. गणिताचे शिक्षक. पुढच्याच वर्षी त्यांनी अकोल्यात कौलखेडच्या बाजूला फ्लॅट बुक केला. जागेवर तेव्हा मुरमाचा ढीग आणि एक बोर्ड होता. बोर्डवर रंगीत बिल्डिंग आणि तिच्यापुढे अकोल्यात मे महिन्यात कुणी कधी पाहिली नसेल अशी हिरवळ.

बिल्डर बाबांचा विद्यार्थी. ‘सर, तुमच्याकडून मी एक रुपया तरी जास्त घेईन का?’ या एका वाक्यावर सगळं ठरलं. किंमत १८ लाख. बाबांनी तीन हप्त्यांत साडेचार लाख दिले. पावत्या मिळाल्या, करारनामा नाही. ‘रजिस्ट्रीच्या वेळी एकदमच करू ना सर, कशाला दोनदा खर्च?’

आमच्याकडे घर घेताना पहिला प्रश्न असतो, ‘कोणाच्या ओळखीतला आहे?’ ओळख निघाली की पुढचे प्रश्न बंद. ज्याला पाढे शिकवले त्याला ‘कागद दाखव’ म्हणणं बाबांना जमलं नाही. खरं तर कायदा तेव्हाही होता. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी करारनाम्याची नोंदणी करावी लागते. साडेचार लाख म्हणजे २५ टक्के. गणिताच्या मास्तरांनी हे गणित कधी मांडलंच नाही.

दोन स्लॅब पडले आणि काम थांबलं. वर निघालेल्या सळया गंजत गेल्या. बाबा संध्याकाळी फिरायला मुद्दाम त्याच रस्त्यानं जायचे. पैसे परत आले, पण कधी दहा हजार, कधी पंचवीस, असे २०१९ पर्यंत. शेवटचे पन्नास हजार आलेच नाहीत. व्याजाचा विषय बाबांनी काढला नाही. तो अजूनही भेटला की पाया पडतो.

मे २०१७ मध्ये रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला तेव्हा मी मोठ्या उत्साहानं महारेराच्या साइटवर त्याच्या बिल्डिंगचं नाव शोधलं. नव्हतंच. कारण प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नाही. आपल्या गल्लीतल्या किती बिल्डिंगा नेमक्या आठ फ्लॅटच्या आहेत, एकदा मोजून बघा.

आता मी अमरावतीत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी इथे बांधकाम सुरू असलेला फ्लॅट बघायला लागले तेव्हा बाबांना बोलावून घेतलं. मला त्यांचा सल्ला हवा होता असं नाही. तो सांगाडा त्यांच्या डोक्यातून जावा असं वाटत होतं. ते एसटीनं आले आणि उतरल्या उतरल्या म्हणाले, ‘या रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तासांत झाला म्हन्ते. गिनेस बुकात नाव हाय. अन् आपले दोन स्लॅब?’ ही लोणी ते मानादरम्यानची जून २०२२ ची गोष्ट. त्यांना आकडे पाठ राहतात.

पहिली साइट कठोरा रोडला. एसी सँपल फ्लॅट, कोल्ड कॉफी, ‘महिनाअखेर रेट वाढणार आहे मॅडम.’ मुलगा म्हणाला, दिवाळीत ताबा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड छापावा लागतो. तो मी तिथेच स्कॅन केला. नोंदलेली तारीख दिवाळीनंतर दीड वर्षानं होती. ताबा लांबला तर व्याज किंवा पैसे परत मागता येतात, पण ते करारातल्या तारखेवर. दिवाळी फक्त त्या मुलाच्या तोंडात होती.

दुसऱ्या ठिकाणी मालक स्वतः बसलेले. म्हणाले, २० टक्के भरा, करार महिनाभरात करू. मी म्हटलं, रेरात १० टक्क्यांच्या वर घ्यायचे तर आधी नोंदणीकृत करार लागतो. ते दुखावले. ‘ताई, विश्वास नसेल तर राहू द्या.’ राहू दिलं. जिना उतरताना बाबा म्हणाले, ‘आवाज वळखीचा वाटला.’

तिसरी साइट बडनेरा रोडची. तिथला रेट इतरांपेक्षा थोडा जास्तच होता. बाबा ब्रोशर घेऊन बसले नाहीत, त्याच बिल्डरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये गेले आणि दोन तास आलेच नाहीत. आधी वॉचमन, मग सोसायटीचे सेक्रेटरी, मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं का? जमीन सोसायटीच्या नावावर झाली का? लिफ्ट सहा महिने उशिरा लागली, त्यावर काकू अजून चिडलेल्या. पण बाथरूम गळलं तेव्हा माणूस पाठवला, दोनदा. मला हे महारेराच्या पानापेक्षा जास्त पटलं. पान बघायचंच, पण पान फक्त बिल्डरनं काय कबूल केलं ते सांगतं.

बाबा भर दुपारी नव्या साइटवरही गेले. कॉलमला बारदाना गुंडाळलाय का, आणि तो ओला आहे का, हे हात लावून पाहिलं. वऱ्हाडातल्या उन्हात काँक्रीटला पाणी मारायचं चुकवलं तर ते वरून कळत नाही.

बँकेनं प्रोजेक्ट मंजूर केलाय, म्हणजे काळजी नाही, असं ऑफिसात सगळे म्हणाले. बँकेचा वकील बँकेचं तारण बघतो. काम थांबलं तरी हप्ता माझ्याच पगारातून जाणार. म्हणून बाबांनी शेवटी एकच विचारलं, ‘चेक कोणत्या खात्याच्या नावानं काढाचा?’ ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रोजेक्टच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. बिल्डरनं खातं क्रमांक छापलेला कागद पुढे केला, न चिडता.

दुय्यम निबंधक कार्यालयात बाबांनी करारनामा पेन्सिल घेऊन पानापानानं वाचला. पार्किंगचा नंबर कोरा निघाला. तो भरून घेतला. बिल्डर म्हणाला, ‘काका, आरामात वाचा.’ मागची रांग मात्र वैतागली होती.

त्याच संध्याकाळी बाबांचा फोन वाजला. अकोल्याहून, विद्यार्थ्याचा. नवीन स्कीम काढतोय, भूमिपूजन सरांच्याच हातून व्हायला पाहिजे.

‘फ्लॅट किती हाय रे?’ बाबांनी विचारलं.

‘आठ, सर.’

बाबा थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘पाहतो.’