डोंगा आणि जाकीट

आमच्या कोरपना तालुक्याला समुद्र नाही, असे म्हणण्याची रीत आहे. खरे पाहता ही भूमीच एके काळी समुद्राचा तळ होती. गडचांदूर परिसरातील ज्या चुनखडीच्या आधारावर सिमेंटचे कारखाने उभे राहिले, ती चुनखडी कित्येक कोटी वर्षांपूर्वी सागराच्या पोटात थरावर थर साचून तयार झालेली आहे. सागर सरला आणि दगड मागे उरला. पाणी मात्र समुद्राची वाट अजून विसरलेले नाही. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा पुढे वैनगंगेला भेटून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत आपले नाव सोडते आणि गोदावरी ते सारे पाणी बंगालच्या उपसागराला नेऊन देते.

आमचे पाणी असे पूर्वेला जाते. परंतु समुद्र पाहावयाचा म्हटले की आमची पावले पश्चिमेकडे वळतात. कोकण दूर असले तरी तेथे आपली भाषा आहे, आणि परक्या गावी मनुष्याला आपल्या भाषेत जेवू घालणारे कोणी भेटले की निम्मा शीण उतरतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता, शेजारचे एक कुटुंब आणि त्या कुटुंबातील आजी अशा सहा जणांनी मालवणचा बेत केला. कोरपन्याहून एस. टी. ने चंद्रपूर, तेथून नागपूर आणि पुढे कोकण रेल्वेने कुडाळ. दोन दिवसांच्या मौजेसाठी जाऊन येऊन चार दिवसांचा प्रवास! हिशेब करणाऱ्याने तो वेडेपणाच म्हटला असता.

आजींना बरोबर घेण्याविषयी घरात थोडी कुरकुर झाली होती. सत्तरी उलटलेली, गुडघे दुखणारी बाई. तिला समुद्र कशाला? परंतु आजींनीच तो प्रश्न मिटवला. त्यांचे माहेर पैनगंगेच्या काठचे. सारी हयात नदी पाहण्यात गेली, तेव्हा नदी शेवटी जाते कुठे तेवढे एकदा डोळ्यांनी पाहू द्या, असे त्या म्हणाल्या. त्यांची नदी ज्या समुद्राला मिळते तो हा नव्हे, हे त्यांना सांगण्याचे धैर्य आम्हांपैकी कोणालाही झाले नाही.

देवबाग ही एक चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मध्ये माडांची दाटी. पट्टीच्या टोकाशी नदी समुद्राला मिळते. ‘निवास व न्याहारी’ म्हणून ज्या घरात आम्ही उतरलो, त्याच्या अंगणातून दोन्हीकडचे पाणी ऐकू येत असे. पहिल्या रात्री आमच्यापैकी कोणी धड झोपले नाही. आमच्याकडे रात्री ऐकू येतात ती चुनखडी वाहणाऱ्या ट्रकांची चाके. हा आवाज त्याहून सौम्य होता, पण थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी ठरली होती. संगमापर्यंत जायचे, नशिबात असल्यास डॉल्फिन पाहायचे आणि लोक ज्याला ‘त्सुनामी बेट’ म्हणतात त्या वाळूच्या बेटावर थोडे टेकून परत यायचे, असा तो नेहमीचा फेरा. होडीवाला पंचविशीतला तरुण होता. त्याने प्रत्येकाच्या हाती नारिंगी रंगाचे एकेक जाकीट दिले. आमच्यातील एका तरुणाने छायाचित्रात शोभा जाते म्हणून ते खांद्यावर टाकले, तेव्हा होडीवाला हसून, पण ठामपणे म्हणाला, “दादानू, जाकीट घातल्याशिवाय होडी सुटूची नाय.” त्या ठामपणाला कारण होते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला होता, आणि या किनाऱ्याला त्या दिवसाचा विसर पडलेला नाही.

आजी मात्र होडीत पाय ठेवेनात. आम्हांस वाटले, भीती असेल. भीती नव्हती, नवल होते. त्या म्हणाल्या, “मास्तर, डोंग्यात कोनी हौसेनं बसते का?”

आमच्या भागातील नदीकाठच्या गावांत होडीला डोंगा म्हणतात. लग्नापूर्वी आजी कापूस वेचायला डोंग्यातून पैलतीरी यवतमाळ जिल्ह्यातील शेतांवर जात. पहाटेच्या अंधारात निघायचे आणि संध्याकाळी ओटीत मजुरी बांधून परतायचे. ज्या बाईने पोटासाठी नदी ओलांडली, तिला पैसे देऊन पाण्यावर फिरणे ही कल्पनाच अजब वाटावी, यात काय आश्चर्य? अखेर हात धरून त्यांना बसविले. होडीवाल्याने जाकिटाचे बंद बांधून दिले, तेव्हा त्या नारिंगी फुगवट्याकडे पाहत त्यांनी विचारले, “तुह्या बापाले होतं का रे असं जाकीट?”

बोली वेगळी असूनही प्रश्न त्याला नेमका कळला. “नाय गे आये,” तो म्हणाला, “ह्यां पावण्यांसाठी.”

संगमावर त्या दिवशी डॉल्फिन दिसले. दोन काळसर पाठी क्षणभर वर आल्या आणि गेल्या. सगळे ओरडले. आजी मात्र नदीचे पाणी समुद्रात शिरताना जी पुसट रेघ उमटत होती, तिच्याकडे एकटक पाहत बसल्या. थोड्या अंतरावरून एक लहान होडी जाळे घेऊन परतत होती. तिच्यात दोघे होते, एक वृद्ध आणि एक पोरसवदा मुलगा. दोघांच्याही अंगात जाकीट नव्हते.

दुपारी जेवणाची पाने मांडली गेली. तांदळाची भाकरी, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, रव्यात घोळून तळलेली सुरमई, तिसऱ्यांचे सुके आणि शेवटी सोलकढी. आम्ही ज्वारीच्या भाकरीची आणि नदीच्या मासोळीच्या रश्शाची माणसे. खोबऱ्याच्या रसातील हा सौम्यपणा पहिल्या घासाला परका वाटला आणि तिसऱ्या घासाला आपला झाला. आमसुलाचा तो गुलाबी रंग पाहून मुले खूश झाली. आजींनी पिशवीतून जवसाच्या चटणीची पुडी काढून यजमानीणबाईंपुढे ठेवली. त्यांनी ती भाकरीबरोबर तिथेच चाखली आणि दोघींचे गूळपीठ जमले.

जेवता जेवता बाई आपल्या संसाराची गोष्ट सांगू लागल्या. त्यांचे सासरे रापणीवर होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी ते समुद्रात अर्धवर्तुळ सोडून येते, मग दोन्ही बाजूंचे दोर धरून माणसे ते ओढतात आणि आलेल्या मासळीची वाटणी होते. दोराला हात लावील त्याचा वाटा, असा तो साधा न्याय. पुढे यांत्रिक नौका वाढल्या, मोठी जाळी आली आणि किनाऱ्यालगतची मासळी आटत गेली. पर्ससीन जाळ्यांवर शासनाने २०१६ मध्ये निर्बंध घातले, तरी गेलेले दिवस परतले नाहीत. आता मुलगा पर्यटकांची होडी चालवतो आणि त्या स्वतः पाने वाढतात. पूर्वी आम्हांला समुद्र पोसत होता, आता समुद्र पाहायला येणारे पोसतात, असे त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, की अभिमानही नव्हता. सकाळचा होडीवाला त्यांचाच मुलगा, हे आम्हांस तेव्हा कळले. सकाळी ज्याचा बाप काढला गेला तो मनुष्य ओसरीवर शांतपणे जाळे विणत बसला होता.

संध्याकाळी सिंधुदुर्ग पाहिला. मालवणच्या समोर कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये या दुर्गाचे काम आरंभिले आणि १६६७ मध्ये ते पुरे झाले. चहूंकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. आजींनी त्या पाण्याची चव घेतली आणि मान डोलावली. तटावर बसून त्यांनी जे सांगितले, ते ऐकून आमच्या सहलीचा रंग बदलला. त्यांच्या तरुणपणी एका पावसाळ्यात डोंगा कलंडला होता. त्यांच्या बरोबरीच्या दोघी वाहून गेल्या. कोणी चौकशी केली नाही, कुठे छापून आले नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याच डोंग्यात त्याच बाया पुन्हा बसल्या, कारण पलीकडे कापूस फुटला होता. “आमाले तं कोनी असं काई देलं नाई,” एवढेच त्या म्हणाल्या. ‘असं काई’ म्हणजे ते नारिंगी जाकीट.

ही जुन्या काळची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती, तर बरे झाले असते. परंतु १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात झुंज येथे आमच्याच वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटला आणि ६ स्त्रिया बुडाल्या. त्या सहलीला निघालेल्या नव्हत्या. नदीपलीकडे मिरची तोडण्याच्या मजुरीला निघाल्या होत्या. त्याच्या अवघे पाच दिवस आधी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला गेलेली शाळेची मुले बुडाली होती आणि साऱ्या देशाला हळहळ वाटली होती. ती योग्यच होती. पण त्या सहा बायांची नावे आज आमच्या जिल्ह्यात तरी किती जणांना आठवतात?

संसदेने १९१७ चा जुना कायदा बाजूला सारून २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा केला. यंत्र नसलेल्या, वल्ह्याने चालणाऱ्या नावांचाही त्यात विचार आहे. म्हणजे कागदावर डोंगा आला. कागदावरून तो नदीकाठी यायला किती वर्षे लागतील, हे मात्र तुम्हा-आम्हांवरही अवलंबून आहे. ज्याच्या हाती खर्चायला पैसा आहे त्याच्या मौजेला आपण जाकीट देतो, आणि ज्याला भाकरीसाठी तेच पाणी ओलांडावे लागते त्याच्या नशिबावर हवाला ठेवतो. सहल वाईट नव्हे. देवबागच्या त्या घराची चूल सहलीवरच पेटते आणि त्या पानावरची चव आम्ही विसरणार नाही. पण मौजेच्या होडीने शिकविलेली शिस्त मजुरीच्या डोंग्यापर्यंत पोहोचली नाही, तर आम्ही एवढ्या दूर जाऊन केवळ मासळी खाऊन आलो, असेच म्हणावे लागेल.

परतल्यावर आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून सहा जाकिटे घेतली आणि आजींच्या माहेरच्या गावी डोंगा हाकणाऱ्या त्यांच्या भाच्याकडे पोहोचती केली. बाया आधी पुष्कळ हसल्या. एकीने ते उशाला घेऊन पाहिले. एकीला लुगड्यावरून बंद कसे बांधायचे ते कळेना. आजींनी तिला होडीवाल्याप्रमाणे समोर उभे करून एकेक बंद बांधून दाखविला आणि भाच्याला बजावले, की हे घातल्याशिवाय डोंगा सोडायचा नाही. त्याने मान डोलावली. मग त्याने हिशेब सांगितला. कापूस वेचणीच्या दिवसांत डोंग्यात एका खेपेस आठ बाया बसतात. जाकिटे सहा आहेत. राहिलेल्या दोघी कोण, हे रोज सकाळी ठरवायचे कोणी?