आईच्या चालीनं सिंगापूर



आमच्या माकणीच्या घरात सध्या सिंगापूरच्या तयारीची गडबड आहे. भाऊ तिथे नोकरीला, नातू चार वर्षांचा, आणि आई चौऱ्याहत्तरची. गुडघे झिजलेत. मंदिराच्या पायऱ्या चढतानाही हात धरावा लागतो.

"तुम्ही जाऊन या. माझ्यामुळं सगळ्यांचा खोळंबा," हे तिचं पहिलं वाक्य. विमानतळावर व्हीलचेअर मागवू म्हटल्यावर तर ती रुसलीच. "लोक काय म्हणतील, एवढी लुळीपांगळी झाले का मी?"

मी विचारलं, "आई, शिखरजीची वंदना तू डोलीतूनच केलीस ना? तेव्हा कुठं लाज वाटली?"

"ते देवाचं काम होतं."

"आणि नातवाला भेटायचं?"

ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या खुर्चीला पाय ठेवायला जागा असते का गं?" मी समजले, आई निघाली.

भाची लंडनला बोलावत होती. पण आईचा रात्रिभोजनत्याग चाळीस वर्षांचा. लंडनला जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, डिसेंबरात चारच्या आधी. सिंगापूर विषुववृत्ताजवळ, तिथे वर्षभर सातच्या आसपासच सूर्यास्त. तिचं सहाचं जेवण कुठेच चुकत नाही.

उमरग्यावरून हैदराबाद सरळ हायवेनं गाठता येतं आणि तिथून सिंगापूरला थेट विमान आहे, साडेचार तासांच्या आसपास. मध्ये विमान बदलायचं म्हणजे आईला दुप्पट चालणं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगावी, निदान ४८ तास आधी तरी. नुसतं 'व्हीलचेअर' म्हणू नका. पायऱ्या चढता येतात, चढता येत नाहीत, की अजिबात चालता येत नाही, हे स्पष्ट सांगा; त्याप्रमाणे मदत मिळते. आईला शिडी जमत नाही, तसं लिहून दिलंय. जैन जेवणही आधीच नोंदवावं लागतं. जागा कडेची, स्वच्छतागृहाजवळची घेतली, म्हणजे अधूनमधून उठून पाय मोकळे करता येतील.

डब्यात दशम्या, खाकरे, मेतकूट. खसखस मात्र घरीच ठेवा. तिथे तिच्यावर कडक निर्बंध आहेत. म्हणजे आईचे अनारसेही राहिले! गोळ्या मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. तिथलं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणून गोळ्यांच्या वेळाही डॉक्टरांकडून लिहून घेतल्या.

दिवसाला एकच ठिकाण, हा आमचा नियम. सकाळी बोटॅनिक गार्डन. १८५९ सालची ही बाग २०१५ पासून जागतिक वारसा आहे आणि आत जायला तिकीट नाही. ऊन चढायच्या आत घरी. दुपारी झोप आणि सामायिक. मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, तरी टॅक्सीचे पैसे वेगळे काढून ठेवलेत. एक दिवस जालन यासीन रस्त्यावरच्या जैन मंदिरात दर्शन. बाकीचे दोन दिवस मोकळेच सोडलेत. वहिनीनं यादीत आणखी चार ठिकाणं घातली होती, ती भावानं हसत खोडली.

आईला बघायचं काय आहे, हे विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नातू शाळेतून येतो ना, तेव्हा दारात बसायचंय."

तिच्या बॅगेत सगळ्यात वर पाणी गाळायचं नवं गळणं आहे. ते तिनं स्वतःच शिवलंय.