खेळतो कोण, खेळवतो कोण

प्रारंभीच सांगितलेले बरे की या लेखातील 'आम्ही' हे संपादकीय किंवा आदरार्थी बहुवचन नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. पतिपत्नी आहोत आणि जिल्ह्याच्या गावी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाच विषयात एम.ए. झालेली दोन माणसे एका घरात राहू लागली की त्या घरात मतांचा तुटवडा कधी पडत नाही. आपला अधिकार नसलेल्या विषयांवर तर मुळीच नाही. व्हिडिओ गेम, तंत्रज्ञान, उत्क्रांती आणि इच्छास्वातंत्र्य हे असेच चार विषय. यांपैकी एकाचेही रीतसर शिक्षण आम्हांला नाही. तरीही रात्रीची झाकपाक करताना या चारांवर आम्ही जितके बोललो आहोत, तितके आपापल्या प्रबंधांवरही बोललो नसू. त्याला निमित्त झाले आमचे चिरंजीव.

गोष्ट २०२० सालची. टाळेबंदी होती. चिरंजीव नववीत होते आणि शाळा मोबाईलवर भरत होती. त्या शाळेच्या पाठीमागे पबजी नावाचे एक रणांगणही भरत असते, हे आम्हांला बरेच उशिरा कळले. कळल्यावर शिक्षकी पेशाची माणसे जे करतात तेच आम्ही केले : व्याख्यान दिले. विषय अर्थातच मनोनिग्रह. ते व्याख्यान एकाने मांडायचे आणि दुसऱ्याने त्याचा समारोप करायचा, अशी आमची विभागणी होती. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा सरकारच्या एखाद्या निर्णयाचे आम्ही दोघांनी एकमुखाने स्वागत करावे असा विरळा योग आमच्या घरात आला. परंतु आठवडाभरात एका खेळाची जागा दुसऱ्याने घेतली. तेव्हा आम्ही राऊटरचा पासवर्ड बदलला. चिरंजीवांच्या जुन्या मोबाईलमध्ये सिमकार्ड नव्हते. वायफाय गेले की त्या यंत्राची पाटी झाली. वर्गापुरता आमच्यापैकी एकाचा मोबाईल मिळे, तोही समोर बसून वापरायचा. घरात शांतता नांदू लागली. आमची योजना सफल झाली असे आम्ही धरून चाललो.

आता कबुलीचा भाग. त्याच उन्हाळ्यात आमच्यापैकी एकाने (कोणी, ते गुलदस्त्यात असू द्यावे) उत्तरपत्रिका तपासून डोके शिणते या सबबीखाली आपल्या मोबाईलवर एक खेळ उतरवून घेतला होता. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून खाली नीट बसवायचे, ओळ भरली की ती नाहीशी होते. पावसाळा लागेपर्यंत तो दुसऱ्याच्याही मोबाईलवर आला. आणि सप्टेंबरच्या अखेरीस, रात्री दीड वाजता, चिरंजीव पाणी प्यायला उठले असता त्यांना स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, दिवा न लावता, अंधारात ठोकळे रचत उभे असलेले आपल्या पालकांपैकी एक दिसले. त्यांनी पाणी प्यायले, भांडे पालथे घातले आणि ते झोपायला गेले. एक शब्दही बोलले नाहीत. काव्यातील मौनाच्या सामर्थ्यावर आम्ही वर्गात तासच्या तास बोललो आहोत. त्याचे प्रात्यक्षिक मात्र त्या रात्री पाहिले.

तेव्हापासून या खेळांविषयीचे आमचे कुतूहल जागे झाले. पाप केल्यावर माणूस शास्त्र धुंडाळतो, तद्वत. आम्ही खेळत होतो त्या खेळाचे मूळ कूळ म्हणजे टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो रचला. त्यांच्या यंत्राला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून पहिले ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवले होते. विरामचिन्हांचा इतका परिणामकारक वापर आमच्या पाहण्यात दुसरा नाही. या खेळात कथा नाही, शत्रू नाही, नायक नाही, आणि विशेष म्हणजे विजयही नाही. नीट केलेले काम नाहीसे होते आणि चुका तेवढ्या साचत जातात. प्राध्यापकांना हा खेळ का भावावा, हे वेगळे सांगायला नको.

याच खेळावर रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. पुष्कळ वेळ टेट्रिस खेळलेल्यांना झोप लागता लागता मिटल्या डोळ्यांपुढे ठोकळे पडताना दिसतात, हे तर आम्हीही अनुभवले होते. पण त्या प्रयोगात स्मृतिभ्रंशाचे काही रुग्णही होते. आपण हा खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हते. तरी झोपेच्या उंबरठ्यावर त्यांनाही आकार पडताना दिसले. म्हणजे 'मी' म्हणून ज्याचा आपण उच्चार करतो त्याला वगळून, त्याच्या पाठीमागे, कोणीतरी खेळतच असते. हे वाचले त्या दिवशी आमच्या घरात भांडी जरा हळू घासली गेली.

हे खेळ माणसाला धरून का ठेवतात, या प्रश्नाचे आम्हांला सर्वांत पटलेले उत्तर पक्ष्यांकडून आले. निको टिनबर्गेन या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने कुरव जातीच्या समुद्रपक्ष्यांच्या पिलांवर प्रयोग केले होते. मातापित्यांच्या पिवळ्या चोचीवर लाल ठिपका असतो. पिलू त्यावर टोच मारते आणि मग त्याला अन्न भरवले जाते. टिनबर्गेनने पिलांपुढे पांढरे पट्टे ओढलेली एक बारीक लाल काडी धरली. पिले खऱ्या आईच्या डोक्याच्या प्रतिकृतीपेक्षाही त्या काडीला अधिक टोचू लागली. पिलाची सहजप्रेरणा चुकीची नव्हती. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीने तिला घडवले, ते ज्या जगात लाल ठिपका म्हणजे आई असेच समीकरण होते त्या जगात. काडी हातात धरून बसलेला शास्त्रज्ञ त्या जगात नव्हता. रान तुडवताना फळ सापडले की होणारा आनंद, अडचण सोडवली की मिळणारे समाधान, टोळीत आपली पत वाढल्याचा हर्ष, या सगळ्या आपल्या पूर्वजांच्या उपयोगाच्या गोष्टी होत्या. आज त्यांच्या लाल काड्या तयार करणारे कारखाने आहेत आणि त्यांत अत्यंत हुशार माणसे नोकरीला आहेत. चिरंजीवांना आम्ही जे 'दुर्बल मन' म्हणत होतो, ते वस्तुतः फार जुने आणि निरोगी मन होते; फक्त काडीसमोर बसलेले.

येथे आम्हां दोघांत फूट पडली. आमच्यातील एक नियतिवादाकडे झुकलेला. त्याचे म्हणणे, मग दोष कुणालाच देता येत नाही : ना पिलाला, ना पोराला, ना दीड वाजता ओट्याशी उभ्या असलेल्याला. पुरावा म्हणून त्याने बेंजामिन लिबेट यांचा १९८३ सालचा प्रयोग पुढे केला. मनात येईल तेव्हा मनगट हलवा, असे सांगून माणसांना बसवले. मेंदूतील विद्युत् हालचाल मनगट हलण्याच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू झालेली दिसली. 'आता हलवावे' ही इच्छा मात्र माणसाला सुमारे एकपंचमांश सेकंद आधी जाणवली. म्हणजे निर्णय आधी होतो, आणि 'मी ठरवले' ही घोषणा मागाहून येते. सभा संपल्यावर येणाऱ्या अध्यक्षासारखी.

आमच्यातील दुसरीने यावर दोन हरकती घेतल्या. पहिली ही की त्या आधीच्या हालचालीचा अर्थ 'निर्णय झाला' असाच आहे, हे सिद्ध नाही. २०१२ साली आरोन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की मेंदूत सतत चाललेल्या चढउतारांमुळेही तसाच आलेख दिसू शकतो. दुसरी हरकत अधिक मार्मिक होती. खुद्द लिबेट यांनीच शेवटच्या क्षणी थांबण्याची वाट मोकळी ठेवली होती : ऊर्मी आपली नसेल, पण तिला 'नको' म्हणण्यास किंचित अवकाश उरतो. स्वातंत्र्य असलेच तर ते होकारात नसून नकारात असावे.

या वादात आम्हांला आमच्याच कपाटातील एका ग्रंथाची आठवण झाली. 'गीतारहस्या'चे दहावे प्रकरण 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' याच नावाचे आहे. टिळकांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात लिहिला आणि तो १९१५ साली प्रसिद्ध झाला. कर्माची साखळी अतूट आहे आणि तरीही आत्म्याला स्वतंत्र प्रवृत्ती आहे, अशी दुहेरी मांडणी ते तेथे करतात. विद्यार्थिदशेत आम्ही ते प्रकरण परीक्षेपुरते वाचले होते. आता वाचताना ग्रंथातील युक्तिवादाइतकाच बाहेरचा तुरुंगही दिसू लागला. ज्याच्या दाराला कुलूप आहे असा माणूस स्वातंत्र्यावर प्रकरण लिहितो आहे, ही गोष्ट त्या प्रकरणाच्या बाजूने एक प्रमाण म्हणून धरावी की नाही, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

घरातील आजींना मात्र हा वाद निरर्थक वाटतो. (त्या आमच्यातील एकाच्या आई आणि दुसरीच्या सासूबाई.) त्यांचा आवडता खेळ सापशिडी. हिचे जुने भारतीय रूप म्हणजे मोक्षपट. परंपरेने त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. त्यात घरांना गुणांची आणि दुर्गुणांची नावे असत. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप आणि शेवटी मोक्ष. विचार केला तर हा खेळ मोठा विलक्षण आहे, कारण त्यात खेळणाऱ्याला निर्णय म्हणून कोणताच नसतो. दान पडेल तितकी घरे पुढे जायचे. क्रोधाच्या घरात आपण रागावून जात नाही, दानाने जातो. तरी गिळला जातो तो आपणच. नीती शिकवणाऱ्या खेळातून निवडीचाच लोप व्हावा, हा विरोधाभास आम्ही आजींना समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "अरे, पण खेळायला बसायचं की नाही, हे तर आपलं आपणच ठरवतो ना? आणि साप गिळला की पट उधळून उठायचं नाही, हेही." आम्ही दोघांनीही हे वाक्य वहीत टिपून ठेवले.

असो. चिरंजीव आता अभियांत्रिकीला आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते घरी आले असता एका दुपारी त्यांनी आजींचे चिंचोके आणि गणिताची चौकटींची एक मोठी वही घेतली आणि आम्हांला जॉन कॉनवे यांचा 'लाईफ' हा खेळ दाखवला. कॉनवे हे केंब्रिजचे गणिती. हा खेळ १९७० साली मार्टिन गार्डनर यांच्या स्तंभामुळे जगाला माहीत झाला. नियम मोजके आहेत. प्रत्येक घराला आठ शेजारी. भरलेल्या घराला दोन किंवा तीन भरलेले शेजारी असतील तर ते टिकते, कमी वा अधिक असतील तर मरते. रिकाम्या घराला नेमके तीन असतील तर तेथे जन्म होतो. आरंभीचे चिंचोके मांडले की खेळणाऱ्याचे काम संपले. त्यांनी पाच चिंचोके एका विशिष्ट आकारात मांडले. पहिली पिढी, दुसरी, तिसरी, चौथी. चौथ्या पिढीला तोच आकार तिरक्या दिशेने एक घर पुढे सरकलेला होता. पुन्हा चार पिढ्या, पुन्हा एक घर.

"चाललंय बघ," आजी म्हणाल्या.

"कुणी चालत नाहीये, आजी. नुसते नियम आहेत. इथले मरतात, तिथले जन्मतात."

"तेच म्हणतेय मी."

चिरंजीवांनीच मग सांगितले की कॉनवे २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाने गेले. हेही सांगितले की याच गृहस्थांनी सायमन कोशेन यांच्याबरोबर २००६ साली 'इच्छास्वातंत्र्याचा सिद्धान्त' मांडला होता : काही गृहीतके मान्य केली आणि प्रयोग करणाऱ्या माणसाला निवडीचे थोडेसेही स्वातंत्र्य आहे असे धरले, तर तसेच स्वातंत्र्य मूलकणांनाही द्यावे लागते. नियमांनी जखडलेला खेळ आणि कणालाही मोकळीक देणारा सिद्धान्त, दोन्ही एकाच माणसाचे. आमच्यातील दोन्ही पक्ष खूश झाले.

२०२० चा विषय निघालाच होता. आमच्यापैकी एकाने धीर करून म्हटले, "त्या वर्षी तुझं वायफाय आम्ही तोडलं होतं. तसं करायला नको होतं बहुतेक."

चिरंजीव चिंचोके गोळा करीत होते. म्हणाले, "बाबा, पासवर्ड मला दुसऱ्याच दिवशी कळला होता. ग्रंथाचं नाव आणि पुढे शके १२१२. आपल्या घरात दुसरा कुठला असणार?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. "मग खेळत होतास?"

"नाही. दहाबारा दिवस नाही खेळलो. ठरवलं होतं, नाही खेळायचं. तुम्हांला सांगणार होतो महिना झाला की."

"आणि मग?"

"मग एका रात्री पाणी प्यायला उठलो." एवढे बोलून ते थांबले. चिंचोके डब्यात भरले, झाकण लावले आणि डबा आजींच्या हातात दिला.

त्या रात्री भांडी आवरताना आमचा वाद झाला नाही. एरवी तो झाला असता. नियतिवाद्याला म्हणता आले असते की बघा, कारण होते आणि त्यामागे कार्य आले. दुसऱ्या पक्षाला म्हणता आले असते की कुलूप उघडे असल्याचे ठाऊक असूनही चौदा वर्षांचा एक मुलगा दहाबारा दिवस आत बसून राहिला, त्याला तुमच्या साखळीत कोठे बसवता? पण दोघांनाही दिसत होते ते दीड वाजताचे स्वयंपाकघर. ज्याला आम्ही आमच्या कुलपाचे यश समजत होतो तो त्याचा नकार होता, आणि तो नकार मोडायला आम्हीच कारण झालो होतो.

राऊटरचा पासवर्ड अजून तोच आहे. ठोकळ्यांचा तो खेळही आमच्यापैकी एकाच्या मोबाईलवर अजून आहे. काल रात्री तो उघडला नाही. आजचे आत्ताच सांगता येत नाही.