दर तासाला अख्खा सर्व्हर!

दुपारचे दोन वाजलेत, दिवाळी अंकाची पानं लावायचं काम ऐन रंगात आहे, आणि आमच्या छोट्या प्रकाशनाच्या सर्व्हरची अख्खी प्रत आत्ता तयार झाली. कुणाला कळलंही नाही! एकची प्रत शेजारी आहे, बाराची आहे, सकाळी दहाचीही आहे. कुठलंही फोल्डर उघडा, सगळ्या फायली जागच्या जागी. आणि जागा किती खाल्ली? बदललेल्या फायलींपुरती! हे पाहिल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय.

बॅकअप रात्री घ्यायचा, अशी सगळीकडची रीत. पण लेखांवर हात फिरतो तो दिवसा! अकराला लिहिलेलं आणि तीनला कुणाकडून पुसलं गेलेलं काम रात्रीच्या बॅकअपला दिसणारच नाही.

दर तासाच्या प्रतींची ही किमया आरसिंक या प्रोग्रॅमची. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली तो जगाला दिला, तोही फुकट. त्याला ‘लिंक-डेस्ट’ म्हणून मागच्या तासाचं फोल्डर दाखवायचं. तो प्रत्येक फाईलचा आकार आणि बदलाची वेळ ताडून बघतो. फाईल बदललेली असेल तर नवी प्रत. नसेल तर हार्ड लिंक, म्हणजे डिस्कवरच्या त्याच मजकुराला आणखी एक नाव. घरी बाळू, ऑफिसात बाळासाहेब, माणूस एकच! म्हणूनच जुनं फोल्डर खुशाल उडवा, नव्यातलं काही तुटत नाही. शेवटचं नाव पुसलं जाईपर्यंत मजकूर शाबूत.

घड्याळ सांभाळतो क्रॉन. मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच रकाने, पुढे आज्ञा. सोमवार ते शनिवार, दहा ते सात, दर तासाला. एका ओळीत काम झालं! (डेटाबेसच्या चालू फायली मात्र अशा उचलू नयेत, प्रत अर्धवट निघू शकते. आधी डम्प काढायचा आणि तो आरसिंकच्या हवाली करायचा.)

न बदललेली फाईल बॅकअपच्या डिस्कवर एकदाच असते, त्यामुळे ती डिस्क गेली की सगळे तास गेले. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत हवीच. आणि आरसिंकची खरी करामत तिथेच आहे! पलीकडचं यंत्र जुन्या फाईलचे ठोकळे पाडून प्रत्येकाचा चेकसम, म्हणजे त्यातल्या बाइटांवरून काढलेला छोटा आकडा, पाठवतं. अलीकडचं यंत्र नव्या फाईलवरून तेवढ्याच लांबीची खिडकी एकेक बाइट पुढे सरकवतं. बाहेर पडलेला बाइट वजा, आत आलेला जमा, की नवा चेकसम तयार. सगळं पुन्हा मोजायला नको. तो जुळला तर आणखी एक भक्कम चेकसम ताडायचा. त्यामुळे साध्या मजकुराच्या फाईलमध्ये वरच एखादा परिच्छेद घुसवला आणि सगळं खाली सरकलं, तरी जुने ठोकळे सापडतात. नेटवरून जातो तो जवळपास नव्या परिच्छेदापुरताच मजकूर!

पलीकडची पहिली प्रत आज संध्याकाळी सोडतोय. ती अख्खी जायची, रात्रभर चालेल. उद्या दहापासून फक्त फरक जाणार.