जॉन ग्रीन आणि आतली खोली

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिणाऱ्या लेखकाचं मोठं अवघड असतं. त्याचा वाचक फार तर चार-पाच वर्षं त्याच्याजवळ टिकतो. मग कॉलेज, नोकरी, लग्न यांच्या मागे लागतो आणि पुस्तक धाकट्या भावंडाकडे सरकवून मोकळा होतो. लेखक बिचारा शाळेच्या फाटकाबाहेरच्या बोरं-चिंचावाल्यासारखा नव्या बॅचची वाट बघत तिथेच. अमेरिकेतल्या जॉन ग्रीनला मीही बारावीनंतर अशीच सोडून जाणार होते. ते जमलं नाही. त्याचं कारण निम्मं त्याच्या पुस्तकांत आहे, निम्मं आमच्या डोंबिवलीच्या घरात.

मराठीत या वयाची गंमतच आहे. फास्टर फेणे संपला की मधे काही नाही, थेट ‘मृत्युंजय’. आठवी-नववीतली मुलगी कर्णासाठी उशी ओली करते, पण तिच्या स्वतःच्या वर्गात जे चाललंय ते तिला छापलेलं कुठे सापडत नाही. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ 2004 साली आली. गोष्ट नववीतल्या मुलांची, पण आमच्याकडे ती बाबांनी वाचली आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली. त्याच्या पुढच्याच वर्षी तिकडे ग्रीनची पहिली कादंबरी आली, ‘लुकिंग फॉर अलास्का’. तिकडे या वयासाठी दुकानात वेगळी मांडणी असते, वेगळे पुरस्कार असतात. त्यातला मानाचा प्रिंट्झ पुरस्कार 2006 साली या पुस्तकाला मिळाला. अलाबामातल्या निवासी शाळेची ही गोष्ट. ग्रीन स्वतःही तिथल्याच एका निवासी शाळेत शिकला. कादंबरीत प्रकरणांना आकडे नाहीत. कशाच्या तरी आधीचे इतके दिवस आणि नंतरचे इतके दिवस, अशी मोजणी आहे. बरोबर मधोमध एक मुलगी गाडीच्या अपघातात जाते, आणि तो अपघात होता की आणखी काही, हे शेवटपर्यंत कळत नाही. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या यादीत 2015 साली सर्वाधिक हरकती याच पुस्तकावर होत्या, मुख्यतः भाषेवर आणि लैंगिक वर्णनावर. मोठ्यांना नेमकी कशाची भीती वाटते, याचा हा चांगला नमुना आहे.

मी मात्र सुरुवात केली ती ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’पासून. अकरावी संपता संपता, फोर्टच्या फुटपाथवरून, घासाघीस करून. निळं मुखपृष्ठ, त्यावर एक काळा आणि एक पांढरा ढग. आतला कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, मजकूर पानावर तिरका बसलेला, मधली काही पानं इतकी फिकट की खिडकीशी धरूनच वाचावी लागत. या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीच्या सगळ्या म्हणजे दीड लाख प्रतींवर लेखकाने स्वतः सह्या केल्या होत्या, हे नंतर कळलं. माझ्या प्रतीवर सही असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या प्रतीचा पैसाही त्याला मिळालेला नाही.

आता आतल्या खोलीबद्दल. त्या वर्षी आत्या आमच्याकडे राहायला आली, ती त्या खोलीत. तिच्या लग्नाचं बघत होते आणि नेमका तेव्हाच तिचा खोकला जाईना. शेजाऱ्यांना सांगितलं, छातीत पाणी झालंय. पाहुण्यांना सांगितलं, बदलीचं चाललंय, म्हणून सुट्टीवर आहे. टीबी हा शब्द आमच्या घरात डॉक्टरांच्या चिठ्ठीबाहेर कुणी उच्चारला नाही. तिचं ताट, वाटी, पेला वेगळा. पेल्याच्या कडेला आजीने खूण म्हणून तारेने बारीक ओरखडा काढला होता. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी ती सकाळी पालिकेच्या दवाखान्यात जायची. तिथे तिच्या नावाचं एक लाल खोकं होतं, पूर्ण सहा महिन्यांच्या औषधांचं. त्यातली पट्टी काढून दवाखान्यातल्या ताई तिच्या हातावर सात गोळ्या ठेवायच्या आणि त्या गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. दुपारपर्यंत मळमळ. लघवी शेंदरी होते हे तिला आधी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी ती घाबरून न्हाणीघरातच बसून राहिली.

मी बाहेरच्या खोलीत ‘फॉल्ट’मधल्या हेझलची गोष्ट वाचत होते. सोळा वर्षांची, थायरॉइडचा कॅन्सर, फुप्फुसांत पसरलेला, नाकात ऑक्सिजनची नळी. तिला ऑगस्टस भेटतो, ज्याचा एक पाय हाडाच्या कॅन्सरने गेलेला आहे. या दोघांचं बोलणं फार हुशारीचं आहे, सतराव्या वर्षी कुणी असं बोलत नाही, असा आक्षेप समीक्षकांनी घेतला. तो खरा आहे. पण आम्ही मनातल्या मनात तसंच बोलायचो, तोंडातून मात्र ‘काही नाही’ एवढंच निघायचं. ग्रीनने मुलांच्या मनातलं बोलणं त्यांच्या तोंडी घातलं, एवढीच त्याची लबाडी. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते असं, की त्या घरात आईबाप मुलीसमोर कॅन्सरचं नाव घेतात. जेवणाच्या टेबलावर घेतात. आजारी मुलगी त्यावर विनोद करते आणि कुणी तिला गप्प बसवत नाही.

ही कादंबरी जानेवारी 2012 मध्ये निघाली. त्याच महिन्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया यांच्या रुग्णांची बातमी गाजत होती: कुठल्याच औषधाला दाद न देणारा टीबी. सरकारला ते नाव मान्य नव्हतं, त्यावर वाद झाला. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल असं तेव्हा कोण म्हणालं असतं!

ग्रीनचा पूर्वेतिहास मी नंतर वाचला आणि तेव्हा बरंच उलगडलं. 1977 चा जन्म, बालपण ऑरलँडोत, केनियन कॉलेजातून 2000 साली इंग्रजी आणि धर्म या विषयांची पदवी. पाद्री व्हायचं मनात होतं, म्हणून ओहायोतल्या कोलंबसमध्ये मुलांच्या रुग्णालयात तो धर्मसेवक म्हणून लागला. काम काय, तर मूल गंभीर झालं की आईबापांजवळ बसायचं. पाच-सहा महिन्यांत तो तिथून बाहेर पडला. पाद्री होण्याचा विचारही सुटला. मग शिकागोत ‘बुकलिस्ट’ या ग्रंथपरीक्षणांच्या नियतकालिकात नोकरी केली, शेकडो पुस्तकांवर चार-चार ओळी लिहिल्या. रुग्णालयावरची कादंबरी त्याच्या डोक्यात तेव्हापासून होती, ती जमायला दहा वर्षं लागली. मधे एस्थर अर्ल नावाची त्याची एक तरुण वाचक-मैत्रीण 2010 साली सोळाव्या वर्षी कॅन्सरने गेली. पुस्तक तिला अर्पण आहे. हेझल म्हणजे एस्थर नव्हे, हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. मला ते पटतं. पण रुग्णालयात ज्यांच्या शेजारी तो निरुत्तर बसला होता, त्या सगळ्यांना तो या पुस्तकात काहीतरी बोलायला गेला आहे, असं वाटल्यावाचून राहत नाही.

मधल्या कादंबऱ्यांबद्दल थोडक्यात. ‘ॲन अबंडन्स ऑफ कॅथरिन्स’ ही नुसती चतुर आहे. ‘पेपर टाउन्स’ बरी, कारण तिच्यात हा लेखक ‘अलास्का’मधल्या स्वतःच्याच सवयीवर उलटतो: मुलीला गूढ बनवून तिच्या मागे धावणाऱ्या मुलाला शेवटी कळतं, की ती फक्त एक मुलगी आहे. डेव्हिड लेव्हिथनबरोबर लिहिलेली ‘विल ग्रेसन, विल ग्रेसन’ लोकलमध्ये वाचायला उत्तम. 2007 पासून तो भाऊ हँक याच्याबरोबर यूट्यूबवर बोलतोय, तेही मी जाता-येता ऐकत होते. डोंबिवली ते ठाणे या प्रवासात कान मोकळे असतात, हात नसतात.

2017 मध्ये ‘टर्टल्स ऑल द वे डाउन’ आली तेव्हा मी नोकरीला लागले होते आणि खरं तर या लेखकाच्या वयातून बाहेर पडले होते. तरी घेतली, या वेळी पैसे भरून दुकानातून. अझा नावाच्या मुलीला मनाचा आजार आहे, एकच विचार पुन्हा पुन्हा घुसत राहण्याचा. बोटाच्या पेरावर ती नखाने जखम उकरते, ती बॅक्टेरियाने बाधली असेल म्हणून साफ करते, पट्टी लावते, पट्टी बरोबर बसली नसेल म्हणून काढते, आणि पुन्हा पहिल्यापासून. वाचताना जीव नकोसा होतो. हाच आजार ग्रीनला स्वतःला आहे. या कादंबरीत ऑगस्टसच्या तोंडी असतात तशी फुलबाज्यांसारखी वाक्यं जवळजवळ नाहीत. प्रेमाने आजार बरा होत नाही, शेवटी नुसती उसंत मिळते. माझ्या मते ही त्याची सर्वांत चांगली कादंबरी, आणि ती ‘फॉल्ट’च्या मानाने कमी खपली याचं मला नवल वाटत नाही.

2020 च्या जुलैत ‘फॉल्ट’वरून केलेला हिंदी चित्रपट ‘दिल बेचारा’ घरबसल्या मोबाइलवर पाहिला. जमशेदपूरची किझी, रहमानचं संगीत. पण त्यातला नायक सुशांत सिंह राजपूत जाऊन महिना-सव्वा महिनाच झाला होता, त्यामुळे तो चित्रपट कुणाला चित्रपट म्हणून बघताच आला नाही. शिवाय तेव्हा खोकणारा प्रत्येक माणूस संशयित होता. आत्या सांगलीहून फोनवर म्हणाली, “आता कळलं का सगळ्यांना, वेगळं ताट म्हणजे काय ते?”

त्याच्या आदल्याच वर्षी, 2019 मध्ये, ग्रीन सिएरा लिओनमध्ये लक्का इथल्या सरकारी रुग्णालयात गेला होता. तिथे त्याला हेन्री भेटला. दिसायला आठ-नऊ वर्षांचा, वय सतरा. टीबीने आणि उपासमारीने वाढ खुंटलेली, औषधांना दाद न देणारा जंतू. ग्रीनच्या मुलाचं नावही हेन्रीच. त्या भेटीतून 2025 मध्ये ‘एव्हरीथिंग इज ट्युबरक्युलोसिस’ हे पुस्तक निघालं. कादंबरी नाही. कुमारांचा लेखक टीबीकडे कसा गेला असं अनेकांनी विचारलं. मला तो कुठे गेला असं वाटलंच नाही. ‘फॉल्ट’मधली हेझल एका लेखकाला शोधत ॲमस्टरडॅमपर्यंत जाते, का, तर त्याच्या अर्धवट तुटलेल्या कादंबरीत मुलीच्या मागे राहिलेल्या आईचं पुढे काय झालं ते तिला हवं असतं. तो लेखक दारुडा निघतो, उत्तर देत नाही. खऱ्या हेन्रीचं पुढे काय होतं, हे मात्र ग्रीनने वर्षानुवर्षं पाठपुरावा करून लिहिलं. हेन्री वाचला.

या पुस्तकात एकोणिसाव्या शतकातल्या युरोपचा क्षयाच्या सौंदर्याचा सोस येतो: फिकट गाल, चमकते डोळे, लवकर जाणारा कवी. आपल्याकडेही ते आहेच. शाळेत आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगताना बाई पदवीपर्यंत रंगून सांगायच्या. 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. मधल्या महिन्यांवर एकच वाक्य, तेही हळव्या आवाजात. बावीस वर्षंही पुरी न झालेली मुलगी खोकत, झिजत गेली, कॉखने जंतू शोधून पाच वर्षं होत आली होती आणि औषध निघायला अजून सहा दशकं होती, हे कुणी सांगितलं नाही.

ग्रीन इथे रागावलेला आहे, आणि तो राग त्याला शोभतो. औषध आहे, तरी वर्षाला साडेबारा लाखांच्या आसपास माणसं मरतात, त्यातली सर्वाधिक भारतात. 2023 च्या जुलैत बेडाक्विलिन या टीबीवरच्या औषधाच्या किमतीवरून त्याने आपल्या वाचकांना औषध कंपनीवर सोडलं, आणि काही दिवसांतच स्वस्त पर्यायांचा करार जाहीर झाला. श्रेय पूर्णपणे त्याचं नव्हे. त्या औषधाच्या पेटंटची मुदतवाढ मुंबईतल्या पेटंट कार्यालयाने मार्चमध्येच फेटाळली होती, आणि त्यासाठी लढल्या होत्या मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले, दोघीही टीबीतून उठलेल्या, दोघींचीही ऐकण्याची शक्ती औषधांनीच हिरावलेली. ग्रीनने केलं ते एवढंच, की ‘फॉल्ट’ वाचून रडलेल्या लाखो माणसांना हा विषय ऐकायला बसवलं. टीबीच्या तपासणीच्या कार्ट्रिजची किंमत त्याच वर्षी सप्टेंबरात 9.98 डॉलरवरून 7.97 वर आली, तेव्हाही पत्रं लिहिणारे हेच होते, आता तिशीला टेकलेले.

मी आत्याला फोनवर पुस्तकाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, “टीबीवर अख्खं पुस्तक? कोण वाचतं गं?”

“पोरंच वाचतायत.”

“त्यात लग्नाचं लिहिलंय का? जमत नाही ते?”

लोक कसे तोडतात ते लिहिलंय, म्हटलं.

“तुझ्या आजोबांनी मरेपर्यंत गुपित ठेवलं,” ती म्हणाली. “आतोबांना मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, तुमच्या गॅलरीत उभं राहून. त्यांनी विचारलं, कोर्स पुरा केलात ना? केला म्हटलं. मग पुढे पगाराचं वगैरे बोलणं झालं.”