अडगळीच्या चार वाटा

बालमित्रांनो, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची तालुक्याची गावं दोन आहेत, बरं का! एक सडक अर्जुनी आणि दुसरं आमचं अर्जुनी मोरगाव. गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या आगगाडीनं या, म्हणजे धानाच्या बांध्या बघत बघत इथं पोचाल. आज आपण गावात फिरणार आहोत, पण घरातल्या अडगळीच्या मागोमाग!

दिवाळीची सफाई निघाली की माळ्यावरून काय काय खाली येतं! तोकडा झालेला शर्ट, विटलेल्या साड्या, चेपलेला पितळी गुंड, वह्यांची रद्दी. आता हे जातं कुठं?

पहिली वाट अदलाबदलीची. डोक्यावर टोपली घेऊन भांडेवाली दारात येते. पुण्या-मुंबईकडे तिला बोहारीण म्हणतात. "बाई, एवढ्यात डबा नाही परवडत. एक पँट टाका न वरून!" अशी घासाघीस रंगते. ते कपडे धुऊन, शिवून जुन्या बाजारात पुन्हा विकले जातात. हरियाणातल्या पानिपतला तर जुन्या लोकरी चिंध्यांपासून सूत काढून ब्लँकेटं विणतात.

दुसरी वाट तराजूची. रद्दी, लोखंड, बाटल्या कबाडीवाला वजनावर घेतो. पितळ मात्र भांड्यांच्या दुकानात 'मोड' म्हणून द्यावं. त्याची किंमत नव्या भांड्यातून वजा होते. १९९९ पर्यंत आपण ज्या जिल्ह्यात होतो, तो भंडारा पितळी भांड्यांसाठीच प्रसिद्ध! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वितळवलं की त्याचं पुन्हा नवं भांडं होतं.

तिसरी वाट घरातच आहे. साडीवर साडी अंथरून आजी टाके घालते आणि थंडीसाठी ऊबदार वाकळ तयार होते.

चौथी वाट देण्याची. ही सोपी वाटते, पण आहे सगळ्यांत अवघड. फाटकं, मळकं द्यायचं नाही. धुवायचं, तुटलेलं बटण लावायचं आणि मग "चालेल का?" असं विचारून द्यायचं. तेही चारचौघांत नाही. समजा, तुम्ही दिलेला शर्ट घालून एखादा मित्र शाळेत आला आणि तुम्ही वर्गात म्हणालात, "हा माझा जुना शर्ट!" तर त्याला तो शर्ट पुन्हा घालावासा वाटेल का? १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी 'गूंज' ही संस्था सुरू केली. तिथं कपडे भीक म्हणून देत नाहीत. गावकरी मिळून विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. घेणाऱ्याची मान ताठ राहते.

पाचवी वाटही आहे, पण ती धरू नका. सगळं पन्नीत बांधून नाल्यात फेकायचं! चरायला गेलेली गुरं ती पन्नी खातात. पावसात उरलेला कचरा वाहत तलावाकडे जातो. आपल्याच तालुक्यात नवेगावबांधचा तलाव आहे आणि हिवाळ्यात तिथं दूरदूरचे पक्षी उतरतात. पाहुण्यांच्या घरात कुणी कचरा टाकतं का?

तेव्हा या सुट्टीत आईबाबांना सोबत घ्या आणि माळ्यावरच्या पसाऱ्याचे चार ढीग करा. कुठला ढीग मोठा होतो, ते बघा बरं!