एवढं एक वर्ष

नाताळ आणि एकतीस डिसेंबर यांच्यामधले दिवस आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत जरा ओशाळलेले असतात. करंज्या-अनारशांचे डबे तळाला गेलेले, दारावरचा कागदी तारा दवाने भिजून लोंबत असलेला, पाहुणे एसटीला लागलेले. आणि देवळात सूचना झालेली असते : एकतीस तारखेला रात्री दहाला वॉच नाईट, सर्वांनी वेळेवर यावे.

ही जागरणाची उपासना मूळची मोठी गमतीची. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूड इथले खाणकामगार शनिवारची रात्र गुत्त्यात काढत. जॉन वेस्लीच्या प्रवचनांनी त्यांचं मन पालटलं आणि तीच रात्र ते प्रार्थनेत जागवू लागले. पुढे वेस्लीने हा प्रकार महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या आसपास ठेवला. म्हणजे उपासना संपल्यावर अंधारात ठेचकाळत जायला नको. वर्षाच्या शेवटच्या रात्रीला ही उपासना नंतर चिकटली. अमेरिकन मराठी मिशनची मंडळी १८३१ साली नगरला आली. ती वेस्लीच्या पंथाची नव्हती, पण आमच्यात वॉच नाईट रुजायला काही अडचण आली नसावी. जागरण म्हटल्यावर मराठी माणसाला शिकवायचं काय राहतं?

आमच्या गावच्या देवळात त्या रात्री पेटी, तबला आणि टाळ असत. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग होत, मग साक्षी. कुणाची म्हैस वाचली, कुणाचा मुलगा पोलीस भरतीत लागला, कुणाला मूल झालं. साक्षीत देवाचे आभार असत आणि भावकीला टोमणेही असत. साडेअकराच्या सुमारास पाळकसाहेब उठत आणि बहुतेक वर्षी लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडत. मळ्यातल्या अंजिराच्या झाडाची गोष्ट. तीन वर्षं झाली, फळ नाही. मालक म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवायची? माळी म्हणतो, यंदा एवढं वर्ष राहू द्या; मी भोवती खणतो, खत घालतो; नाहीच आलं तर मग तोडा. मालक पुढे काय म्हणाला, ते लूकने लिहिलेलं नाही. पाळकांना मात्र ते नेमकं ठाऊक असे. कुऱ्हाड मुळाशी ठेवलेली आहे, हे वाक्य त्या रात्री इतक्या मोठ्याने येई की पेंगणारी पोरं दचकून जागी होत.

"सगळ्यांना कुऱ्हाड दिसते," पाळकीणबाई घरी जाताना म्हणायच्या. "शेणाची पाटी उचलायला कुणी नाही."

पाळकीणबाई म्हणजे आधीच्या पाळकांच्या विधवा. नवरा गेल्यावर त्यांनी मिशनचं घर सोडलं आणि देवळामागे दोन खोल्या घेऊन राहिल्या. कोंबड्या पाळायच्या, झबली-परकर शिवायच्या. त्यांची आई गुजरातेतली. १९००च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या माणसांनी तिला केडगावच्या मुक्तिसदनात आणलं, तेव्हा तिला आपलं गावही नीट सांगता येत नव्हतं. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील १८७४च्या दुष्काळात गेले होते, आणि रमाबाई स्वतः उपाशीपोटी भावाबरोबर मैलोन्‌मैल चालल्या होत्या. हे पाळकीणबाई मला पुस्तकातलं म्हणून सांगत नसत; घरातलं म्हणून सांगत. "बाईंनी माझ्या आईसाठी वर्ष मागून घेतलं," असं म्हणायच्या. कुणाकडे मागितलं, हे मी कधी विचारलं नाही.

मी नववी पास झालो त्या उन्हाळ्यात माझे वडील वारले. चुलत्यांनी ठरवलं की पोराने आता कारखान्यावर जावं. तिथे ओळख होती, रोजंदारी मिळाली असती. चुलते वाईट नव्हते. त्यांच्या घरात खाणारी तोंडं किती, हे मला आज कळतं. त्या संध्याकाळी पाळकीणबाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. चहा नको म्हणाल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"दादा, एवढं एक वर्ष मला द्या. मॅट्रिक होऊ द्या."

"बाई, फी? वह्या?"

"ते माझ्याकडे. तुम्ही फक्त त्याला कामाला लावू नका. नाही झाला पास, तर मीच त्याला कारखान्याच्या फाटकापर्यंत सोडायला येते."

आता विचार करतो तेव्हा वाटतं, ही भाषा त्यांना कुठून सुचली, हे त्या ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला कळायला हवं होतं. कुणालाच कळलं नाही. चुलत्यांना त्यात एक व्यवहार दिसला, तोही आपल्या फायद्याचा. मला फक्त सुटका दिसली.

सुटका कसली! ते वर्ष म्हणजे खणणी होती. शाळा सुटली की त्यांच्या खोलीत जायचं. एका कोपऱ्यात खुराडं, दुसऱ्यात शिवणयंत्र, मध्ये मी आणि बीजगणित. त्यांना बीजगणित येत नव्हतं. त्या गावातल्या कुणाकुणाला पकडून आणत : सुट्टीवर आलेला फौजी, तालुक्याहून येणारा पोस्टातला बाबू, एकदा तर ऊस मोजायला आलेला कारखान्याचा स्लिप बॉय. "पोराला एवढं समीकरण सांगून जा, तोवर अंडी बांधते." इंग्रजी त्या स्वतः घेत, मिशनच्या जुन्या वाचनपुस्तकावरून, आणि माझ्या उच्चारांवर त्यांचे आघात आजही उमटतात. अंड्यांचे पैसे एका बरणीत, शिवणाचे दुसऱ्या. फी कोणत्या बरणीतून जाई, हे त्यांनी मला कळू दिलं नाही.

त्या वर्षीच्या नाताळनंतर त्यांनी मला बरोबर घेतलं, त्यांच्या फेरीला. वर्ष संपण्याआधी त्या उंबरे झिजवत. किराणावाल्या शेठकडे उधारीचे उरलेले पैसे आणि वर चार करंज्या. शिंप्याच्या घरी, यंत्राचा पट्टा त्याने फुकट बसवून दिला होता म्हणून. मग एका घरी, जिथल्या बाईशी त्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं. कोंबड्यांवरून भांडण झालं होतं आणि माझ्या मते चूक समोरचीची होती. मी तसं म्हणालो. त्यांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं सांगितलं, की वेदीपाशी दान घेऊन उभं असताना कुणाचं आपल्याशी वाकडं आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावं. "चूक कुणाची, हे तिथे विचारलेलंच नाही," म्हणाल्या आणि कडी वाजवली. ती बाई करंज्या घेऊन गप्प उभी राहिली. समेट वगैरे काही झाला नाही. पण पुढच्या आठवड्यात कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या तेव्हा त्यांना दगड बसला नाही, एवढं खरं.

नव्या वर्षासाठी त्या संकल्प करत नसत. देवळात वचनाच्या चिठ्ठ्या वाटल्या जात. सोडतीने वचन काढायची मोरावियन बंधूंची चाल, त्यांनी १७३१ साली छापलेली रोजची वचनं, यांची ती कुठली तरी दूरची नात असावी. पाळकीणबाई चिठ्ठी घेत, वाचत आणि पर्समध्ये टाकत. त्यांचं ठरवायचं वेगळंच असे : यंदा कुणाच्या मुळाशी खणायचं. वर्षाला एक माणूस. मी मॅट्रिक झालो, तेव्हा त्या माझ्यापुरत्या मोकळ्या झाल्या; पुढच्या जूनमध्ये माझ्या जागेवर नवऱ्याने टाकलेली एक मुलगी शिवण शिकत होती. मला तेव्हा त्याचा रागच आला होता. मी मास्तर झाल्यावर पहिल्या पगारातून त्यांना लुगडं नेलं. त्यांनी ते घेतलं, अंगाला लावून पाहिलं, फार खूश झाल्या. महिनाभरात ते त्या मुलीच्या अंगावर दिसलं.

पाळकीणबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त होऊन पुण्यात राहतो. यंदा आमच्या चर्चमध्ये वॉच नाईटला दहा मिनिटं बोलायला मला सांगितलंय. पडद्यावर वचन दिसणार, कीबोर्ड वाजणार, आणि बाराच्या आत आटपायचं. मी तेरावा अध्यायच घेणार होतो, शेणाच्या पाटीच्या बाजूने. पण पोथीतलं झाड आणि शेतातलं झाड यांचा मेळ पाहावा म्हणून दिवे घाट चढून पुरंदरला गेलो. तिथली अंजिरं नामांकित, २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. एका बागवाल्याने खट्टा बहार, मीठा बहार, छाटणी, तांबेरा असं सगळं सांगितलं. मग मी त्याला ती गोष्ट सांगितली.

त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "मास्तर, चांगली हाय. पण तीन वर्षं ह्यो माळी काय करत हुता? खत आधीच का न्हाई घातलं?"

इतक्या वर्षांत एकाही पाळकाने हे विचारलं नव्हतं. पाळकीणबाईंनीही नाही, का त्यांनी मनातल्या मनात विचारलं असेल आणि म्हणूनच त्या ओट्यावर येऊन बसल्या असतील? नववीपर्यंत मी त्यांच्या डोळ्यांसमोरच तर होतो. बागवाल्याला मी काही बोललो नाही. त्याच्याकडून दोन किलो अंजीर घेतलं आणि त्याचा प्रश्न कागदावर सर्वांत वर लिहून ठेवलाय. दहा मिनिटांतली आठ त्यालाच द्यावीत म्हणतो.